रोखीतल्या पैशाचा दशांश चालतो का?

खळ्यावरचा (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:४०

सलाम मंडळी. ख्रिस्ती नसलेल्यांना नमस्कार. आमच्या नगर भागात (आता अहिल्यानगर, पण जिभेला वळायला वेळ लागेल) आमची माणसं भेटली की सलामच म्हणतात, त्यामुळे सवयीने आधी तेच आलं.

वडिलांचं घर विकायचंय. १९९४ साली शिक्षकाच्या पगारात, पतपेढीचं कर्ज काढून बांधलेलं. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे शेवगा. आई आधीच गेली, वडील गेल्या वर्षी गेले. वारस आम्ही तिघं: मी पिंपरीत, बहीण सोलापूरला, धाकटा भाऊ नगरलाच.

एजंटने गिऱ्हाईक आणलं. भाव ६२ लाख, पण कागदावर ४० आणि २२ रोख. सरकारी भाव ३९च्या आसपास असल्यामुळे ४०चं खरेदीखत कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. एजंट म्हणाला, "सर, सगळे असंच करतात, तुम्ही काय नवीन आहात का?" भावाला घाई आहे, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. बहीण म्हणते तुम्ही दोघं ठरवा.

आता खरी गोम. वडिलांनी आजारपणात सांगितलं होतं की घर विकलंत तर दशांश मंडळीला (म्हणजे आपल्या चर्चला) द्या, चर्चचं छप्पर गळतंय. खरंच गळतं. पावसाळ्यात वेदीच्या डाव्या अंगाला बादली ठेवून भक्ती चालते, आणि उपदेश लांबला की टपटप जास्त ऐकू येते. माझ्या वाट्याला २० लाख ६६ हजार येतील, त्याचा दहावा हिस्सा दोन लाखांच्या वर. त्यातले ७३ हजार रोखीतले असणार. ते पाकिटात घालायचे, वर दशांश लिहायचं आणि डोळे मिटून थैलीत टाकायचे?

भाऊ म्हणतो, देवाला नोटेचा रंग दिसत नाही. बायको म्हणते, दशांश तेवढा चेकच्या भागातून द्या, रोखीचं रोखीत राहू द्या. ऐकून हसलो, पण झोप लागेना म्हणून इथे लिहितोय.

चिंचबन | मंगळवार, रात्री ११:५८

वाचतेय. सावकाश लिहीन.

पेठेतला_आगाऊ | बुधवार, सकाळी ८:१०

दशांश म्हणजे तुमचा जीएसटी का? स्लॅब एकच दिसतोय. (हलके घ्या.)

खळ्यावरचा | बुधवार, सकाळी ९:०५

आगाऊ, हलकेच घेतलं. दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कामाला. सक्ती नाही, पावती फाडायला कुणी दारात येत नाही. बायबलात मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात आहे की सगळा दशांश भांडारात आणा, आणि हा अध्याय दर कापणीच्या सणाला हमखास वाचला जातो.

कापणीचा सण म्हणजे सुगी झाल्यावरची उपकारस्तुती. ज्याच्या घरी जे पिकलं ते लोक चर्चमध्ये आणतात. ज्वारीची कणसं, भोपळा, केळीचा घड, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली गावरान कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेत ओरडते. भक्ती झाली की आवारात लिलाव. चाळीस रुपयांचा भोपळा चारशेला जातो आणि घेणारा तोच भोपळा परत लिलावाला देतो.

माझी आई वांग्यांची पाटी न्यायची. आदल्या दिवशी पडवीत बसून एकेक वांगं देठापासून फिरवून बघायची. इवलंसं भोक दिसलं की ते वांगं आमच्या बाजूला. पाटी भरेपर्यंत घरात फक्त किडकी उरायची, मग दोन दिवस कीड कापून भाजी. आम्ही कुरकुरलो की म्हणायची, मलाखीचा पहिला अध्याय वाचा. त्यात देव विचारतो की आंधळं, लंगडं जनावर माझ्या वेदीवर आणता, तेच तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, तो घेईल का? तिसरा अध्याय चर्चमध्ये कितीदा ऐकला ते सांगता येणार नाही. पहिला ऐकला तो फक्त आईकडून.

निवृत्त_पाळक | बुधवार, दुपारी ३:३०

खळ्यावरचा, सलाम. आयडी मुद्दाम घेतलाय की सहज? कारण तुमच्या प्रश्नाला जवळची गोष्ट खळ्यावरचीच आहे. दुसरे शमुवेल, चोविसावा अध्याय. देशात मरी पसरलेली. दावीद राजा अरवना यबूश्याच्या खळ्यावर वेदी बांधायला जातो. अरवना म्हणतो, महाराज, खळं घ्या, बैल घ्या, सरपणाला मळणीची औतं घ्या, सगळं तुमचंच. दावीद ऐकत नाही. ज्याला मला काही मोजावं लागलं नाही असं अर्पण मी माझ्या देवाला करणार नाही, म्हणतो, आणि पन्नास शेकेल रुपं (चांदी) मोजून खळं आणि बैल विकत घेतो.

पण तुम्हाला खरा लागू पडणारा माणूस दावीद नाही, हनन्या आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाच. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने जमीन विकली, थोडी रक्कम मागे ठेवली आणि उरलेली 'ही सगळी' म्हणून प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवली. जमिनीचा व्यवहार, खरा आकडा वेगळा, सांगितलेला वेगळा. तीस-पस्तीस वर्षं मी हा उतारा शिकवला. दरवेळी ऐकणाऱ्यांना वाटतं की देवाचे पैसे दाबले म्हणून दोघं मेली. प्रेषितांतला पेत्र तसं म्हणतच नाही. तो म्हणतो, जमीन होती तोवर तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे अर्धे ठेवले असते, सगळे ठेवले असते, तरी बोट दाखवणारं कुणी नव्हतं. दोष कमी दिल्याचा नव्हता. कमी देऊन पुरतं दाखवल्याचा होता.

तुमच्या मिसेसची तोड ऐकून मला महायाजक आठवले (त्यांनी राग मानू नये). येशूला धरून देण्याबद्दल महायाजकांकडून मिळालेली तीस नाणी यहूदाने मंदिरात फेकली, तेव्हा ती उचलताना महायाजक काय म्हणाले? हे रक्ताचं मोल आहे, भांडारात टाकणं योग्य नाही. मग त्यातून परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतलं. ती नाणी कुणाच्या कनवटीची होती? त्यांच्याच. देताना हात थरथरला नाही, परत घेताना शास्त्र आठवलं. पैसा पेटीत टाकण्यापुरता धुऊन घ्यायची खटपट फार जुनी आहे.

बावखल | बुधवार, रात्री ९:२०

मी वसईची, कॅथलिक. आमच्यात दशांशावर एवढा जोर नसतो, पण पापनिवेदन असतं, आणि तिथे पैशाची गाठ फार घट्ट मारलेली असते. चोरी कबूल केली, फादरांनी क्षमा दिली, संपलं, असं होत नाही. घेतलेलं परत करण्याची तयारी हवी.

माझी आजी दादरला सुकेळी विकायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राजेळी केळी पिकवून, सोलून, कडक उन्हात काही दिवस वाळवतात, मग वाळक्या पानात घट्ट बांधून पुडकं करतात. गिऱ्हाईक पुडकं सोडून बघत नाही, वास घेतं आणि घेतं. आजी वरखाली चांगली सुकेळी लावायची आणि मधे एखाद-दोन काळी पडलेली सारायची. वजन भरायचं. कितीतरी वर्षं.

उपवासकाळात एकदा ती पापनिवेदनाला गेली आणि हे सांगून बसली. फादर काय म्हणाले ते तिने स्वतःच नंतर आम्हाला सांगितलं (फादरांचं तोंड बांधलेलं, तिचं थोडंच होतं). म्हणाले, पैसे परत कर. ती म्हणाली, फादर, दादरच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक, मी कुणाला शोधू? मग गरिबांच्या पेटीत टाक, म्हणाले, पण एक लक्षात ठेव, ते दान म्हणून टाकू नकोस. ते तुझं नाहीच, तू परत करतेयस. तुझं दान वेगळं.

आजीला हे फार लागलं. पेटीत टाकलं तर टाकलं, ते पुण्यात धरायचंही नाही! त्यानंतर ती पुडकी बांधायला मला बसवायची, कारण तिचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नव्हता. बोटं आपोआप काळं केळं मधे सारायची, असं म्हणायची.

कोरडा_हिशेब | बुधवार, रात्री १०:४५

भावना कळल्या. आता जरा आकडे, नाहीतर धागा नुसता डोळे पुसत राहील.

१९९४चं घर आहे, तेव्हा १ एप्रिल २००१चं मूल्यांकन धरता येतं. ते ४ लाख समजू. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला साडेबारा टक्के, महागाई निर्देशांक न लावता. जुनं घर असल्याने निर्देशांक लावून वीस टक्के हाही पर्याय आहे, पण या आकड्यांत साडेबाराच स्वस्त पडतो. ६२ दाखवले तर ५८ लाखांवर कर ७ लाख २५ हजार. ४० दाखवले तर ३६वर साडेचार लाख. फरक २ लाख ७५ हजार, सेस वेगळा. तिघांत वाटला तर माणशी ९१-९२ हजार.

म्हणजे ज्याच्यासाठी झोप गेली त्या सत्याची किंमत माणशी ९२ हजार. शिवाय राहत्या घराच्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं तर तेवढ्या रकमेवर सूट आहे, ती वेगळीच. उलट बाजूने, स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली आणि सापडलात तर घेतली तितकाच दंड. २२ लाख घेतले, २२ लाख दंड.

आणि बावखलताई, आजी ग्रेट, पण इथे बारकावा आहे. ते २२ लाख चोरीचे नाहीत, घर त्यांचंच आहे. चोरीचा आहे तो बुडवलेला कर. काळं केळं तेवढंच, पुडकं नाही.

बावखल | बुधवार, रात्री ११:०२

पुडकं बांधलंय ना पण तेवढ्यासाठीच :)

नाईट_ड्यूटी | गुरुवार, पहाटे ४:५०

आत्ता जरा शांतता आहे म्हणून लिहिते. नर्स आहे, एकवीस वर्षं. रविवारची भक्ती महिन्यातून दोनदा चुकते, त्यावरून सासूबाईंचं ऐकलेलंही आहे.

खळ्यावरच्या दादांचा प्रश्न मोठ्या रकमेचा आहे. माझा रोजचा प्रश्न रात्री दोनच्या बीपीचा आहे. दहाला बघितलं, १३०/८०. सहाला परत बघायचंय. दोनचं बघायचं तर पेशंटला हलवावं लागतं, तो कण्हतो, नातेवाईक खेकसतात की आत्ता कुठे डोळा लागला होता. चार्टवर दोनच्या रकान्यात १२८/८० लिहिलं तर जगात कुणालाही कळणार नाही. नवीन पोरींना मी लिहिताना पाहिलंय. नवीन असताना मीही लिहिलंय, उगाच सोवळी कशाला होऊ. एकदा अशाच न बघता लिहिलेल्या रात्रीनंतर सकाळी एका आजोबांना आयसीयूत हलवावं लागलं. ते वाचले. चार्ट कुणी बघितलाही नाही. मला मात्र तो रकाना अजून दिसतो.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या, हीच तुमची खरी उपासना. तरुणपणी वाटायचं की मोठंच काहीतरी असेल, मिशनरी वगैरे. आता रात्री दोनला पाय जड झालेले असतात, खुर्चीतून उठवत नाही, तेव्हा वाटतं की शरीर म्हणजे हेच पाय म्हणत असेल.

माझी पणजी केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे (छपाईची अक्षरं) जुळवायची. पंडिता रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर तिथल्या मुलींनीच जुळवलं आणि छापलं. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्ये वारल्या, शेवटपर्यंत त्याच कामात होत्या. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. आमच्या घरात सांगतात की पणजीला म्हातारपणी सुलटं वाचायला चष्मा लागायचा आणि उलटं बिनचष्म्याचं यायचं. तिला कुणी विचारलं, प्रार्थना किती वेळ करतेस, तर म्हणायची, ओळ चुकली की सोडवून परत जुळवते, तेवढा वेळ.

बेल वाजली. जाते.

पेठेतला_आगाऊ | गुरुवार, सकाळी ८:३०

नाईट_ड्यूटी, वरचा जीएसटीचा विनोद परत घेतो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

आमच्याकडे तुकोबांनीही धन जोडू नका असं म्हटलेलं नाही. उत्तम व्यवहाराने जोडा आणि उदासपणे खर्च करा, म्हटलंय. दुसऱ्या अर्ध्यावर कीर्तनं होतात, पहिला अर्धा हुंडीत सोन्याचा मुकुट टाकणाऱ्याला कुणी ऐकवत नाही. तेव्हा मलाखीचा पहिला अध्याय आमच्याकडेही हरवलेलाच आहे.

धाकटाच_मी | गुरुवार, दुपारी १:१५

सगळे धागाकर्त्याची पाठ थोपटताहेत म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

माझ्या थोरल्या भावाने अगदी हेच केलं होतं. शेताचा तुकडा होता, मराठवाड्यात. रोखीचं गिऱ्हाईक त्याने परत पाठवलं. साक्ष दिली चर्चमध्ये, टाळ्या झाल्या. त्याला नोकरी होती, पेन्शन होती. मला तेव्हा पोरीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. दुसरं गिऱ्हाईक यायला चौदा महिने गेले. ते चौदा महिने मी सावकाराचं व्याज भरलं. पुण्य त्याचं आणि व्याज माझं.

कोरडा_हिशेब म्हणतात माणशी ९२ हजार. ज्याच्याकडे आहेत त्याचे ९२ हजार आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचे ९२ हजार एक नसतात. पाळकसाहेबांनी दावीदाचं सांगितलं. दावीदाने पन्नास शेकेल स्वतःच्या खिशातून दिले. अरवन्याच्या खिशातून काढून दिले नाहीत.

खळ्यावरचा | गुरुवार, दुपारी २:४०

धाकटाच_मी, तुमचा प्रतिसाद जेवणाच्या सुट्टीत वाचला. डबा तसाच राहिला.

पहिल्या पोस्टमध्ये मी भावाला एक वाक्य दिलं, 'डोक्यावर कर्ज आहे'. रिक्षाचं कर्ज, वर आईच्या आजारपणात त्याने काढलेलं, जे आम्ही तिघांनी वाटून घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाही. हे मी लिहिलं नव्हतं. वाटलं धाग्याशी संबंध नाही.

चिंचबन | गुरुवार, सायंकाळी ६:२५

मला हेच म्हणायचं होतं, धाकटाच_मी यांनी आधी आणि चांगलं म्हटलं.

आपल्या मंडळींत कवी ना. वा. टिळकांचं नाव निघालं की त्यागावर उपदेश ठरलेला. फेब्रुवारी १८९५मध्ये बाप्तिस्मा, पुढे १९१७ला मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ. सगळं खरं आणि मोठंच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणी शेजारी ठेवून वाचा. हा माणूस घरातलं उचलून देऊन टाकतोय आणि चूल कशी पेटवायची हे ती बघतेय. बाप्तिस्म्याचा निर्णय त्यांचा, आणि त्यानंतरची जवळपास पाच वर्षं तिने काय काढली ते तीच जाणे. गंमत अशी की ती हे रडत सांगत नाही, हसवत सांगते. म्हणून आपण हसतो आणि हिशेब करायचं राहून जातं. टिळकांनी केलेल्या त्यागाची पुष्कळशी उधारी लक्ष्मीबाईंनी फेडली, असं मी एकदा महिला संघात बोलले होते. पुढच्या वेळी मला बोलायला बोलावलं नाही.

कडू_कारलं | गुरुवार, रात्री ८:००

मी जन्माने ख्रिस्ती, सध्या चर्चचा रस्ता विसरलेला. एकच प्रश्न. ज्या मंडळ्यांच्या स्वतःच्या जमिनींचे वाद वर्षानुवर्षं कोर्टात पडलेत, विश्वस्त एकमेकांवर केसेस घालतात, त्यांच्या थैलीत पडणाऱ्या नोटेची एवढी काळजी कशाला?

मंदिराच्या पेटीत विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांची (अगदी हलक्या नाण्यांची) गोष्ट दर वर्षी ऐकवतात. तिच्या आधीची ओळ कुणी वाचत नाही. मार्क, बारावा अध्याय. येशू आधी म्हणतो की शास्त्र्यांपासून सावध राहा, ते विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांब प्रार्थना करतात. लगेच पुढे ती विधवा येऊन होतं नव्हतं ते टाकते. आणि तिथून बाहेर पडताच तो म्हणतो, या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. तो तिचं कौतुक करत होता की तिचं घर गिळलं जाताना बघत होता?

निवृत्त_पाळक | गुरुवार, रात्री ९:४०

कडू_कारलं, तुमचं वाचन चुकीचं म्हणणार नाही. मीही बरीच वर्षं ती गोष्ट बांधकाम निधीच्या रविवारी सांगितली, आणि निधी जमलासुद्धा. आज सांगताना जीभ अडखळेल. मंडळ्यांच्या जमिनींचं म्हणाल तर तुमच्याइतकंच मलाही ठाऊक आहे, काही बाबतीत जास्तच.

पण एक सांगतो. त्या दिवशी देवळाची पेटी भ्रष्ट होती, हे मान्य. तिच्या दोन टोल्या तरीही खऱ्या होत्या.

धाकटाच_मी यांना: डोंगरावरच्या प्रवचनात आहे की वेदीशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. आपल्या मनात भावाविरुद्ध, असं नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध. हा उतारा प्रभुभोजनाच्या आधी मी शेकडो वेळा वाचला असेल. वाचून झाल्यावर उठून बाहेर गेलेला माणूस एकही आठवत नाही.

ऐझॉल_रिटर्न | शुक्रवार, सकाळी ७:५५

अवांतर, पण दशांशावरून आठवलं. बँकेच्या नोकरीत काही वर्षं मिझोराममध्ये होतो. तिथे 'बुहफाई थाम' म्हणून पद्धत आहे, १९१०च्या सुमाराची. घरची बाई भात शिजवायच्या आधी दर वेळी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. आठवड्याने ते गोळा होतात, चर्च ते विकतं आणि त्यातून काम चालतं. घरमालकिणीला विचारलं होतं की घरात तांदूळ कमी असेल त्या दिवशी काय करता? म्हणाली, त्या दिवशी मूठ लहान होते. मूठ मात्र शिजवायच्या आधीच काढायची, उरलं त्यातून नाही.

मी ख्रिस्ती नाही, शुद्ध देशस्थ. पुण्यात परत आल्यावर आईला हे सांगितलं तर म्हणाली, आपल्यात नैवेद्यही आधीच काढतात, एवढ्या लांब कशाला गेला होतास?

खळ्यावरचा | साधारण तीन महिन्यांनी, रविवार

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून.

रोखीचं गिऱ्हाईक गेलं. एजंट जाताना "देवमाणूस" म्हणाला, शिवी दिल्यासारखं. दोन महिने कुणीच नाही. मग एक बँक कर्ज घेणारं जोडपं आलं. कर्जवाल्याला कागदावर भाव कमी चालत नाही, बँक त्यावरच कर्ज देते. हे तेव्हा कुणी सुचवलं असतं तर दोन महिने वाचले असते. ५६ लाख, सगळे बँकेतून. गेल्या आठवड्यात खरेदीखत झालं.

कोरडा_हिशेब, तुमची माणशी ९२ हजारांची बेरीज चुकली. पहिल्या व्यवहारात कर जाऊन माणशी १९ लाख १७ हजार पडत होते, आता साडेसोळा. म्हणजे सत्य माणशी २ लाख ६७ हजारांना पडलं.

त्या गुरुवारी रात्रीच भावाकडे गेलो होतो. काय बोललो ते लिहीत नाही, बरंचसं बोलणं त्याचंच होतं. आईच्या आजारपणातल्या कर्जाचा आकडा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. ठरलं असं की त्याचे २ लाख ६७ हजार माझ्या वाट्यातून जातील आणि ते कर्ज तिघांत. बहिणीने स्वतःचा फरक मागितला नाही. म्हणाली, दादाचं गणित दादाने सोडवावं, माझ्या नावावर उपकार नको. पैसे भावाच्या खात्यात गेले. त्याने फोन केला नाही. 'मिळाले' एवढा मेसेज आला.

बायको पहिल्यांदा चिडली. मग म्हणाली, हनन्याच्या गोष्टीत सप्पीराला कुणी विचारलं होतं का, की तीही नवऱ्यामागे फरपटली? मी म्हटलं, पेत्राने विचारलं होतं, तीन तासांनी, आणि ती खोटं बोलली. तर म्हणाली, मला तू आधी विचार. हे बरोबरच होतं.

आता दशांश. सगळं जाऊन हात तोकडा पडला. मुलाच्या इंजिनीअरिंगच्या फीचा हप्ता याच महिन्यात. ८० हजारांचा चेक लिहिला. आमच्या चर्चची पाकिटं छापील आहेत, वर ठळक अक्षरांत 'दशांश', खाली नाव आणि रक्कम. आज सकाळी पाकीट हातात घेतलं आणि पेन उघडून बसलो. वडिलांचं नाव लिहिलं. मग 'दशांश'च्या पुढे बारीक अक्षरांत 'पैकी' घातलं. खजिनदार काकांनी चष्मा वर करून विचारलं, हे काय? म्हटलं, पुरते नाहीत. म्हणाले, त्यात काय, कोण बघतंय? आणि वहीत लिहिताना नुसतं दशांशच लिहिलं. त्यांना दोनदा सांगून खोडायला लावलं. मागे रांग थांबली होती.

बावखल | रविवार, रात्री ९:१०

आजी असती तर तुम्हाला पुडकी बांधायला बसवलं असतं.

धाकटाच_मी | रविवार, रात्री १०:३०

वाचलं. माझ्या भावाला लिंक पाठवली आहे. बघू.

पेठेतला_आगाऊ | सोमवार, सकाळी ८:२०

बादली अजून आहे का?

खळ्यावरचा | सोमवार, सकाळी ९:००

आहे. यंदा दोन.